जुन्या व्हीएमसीवर टूल क्लॅम्पचा अलार्म सारखा येतोय, सेन्सर बदलूनही जात नाही

मिलिंगवाला

नमस्कार मंडळी,

वापरलेलं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) घेतलंय. बीटी 40 स्पिंडल (बीटी 40 म्हणजे टूल होल्डरच्या निमुळत्या टेपरचं माप), आर्म टाइप टूल चेंजर, फानुक कंट्रोल. घेण्याआधी टेस्ट पीस कापून पाहिला, डायल लावून स्पिंडलचा रनआउट आणि स्लाइड तपासल्या. त्या बाबतीत तक्रार नाही. त्रास आहे तो टूल क्लॅम्पच्या अलार्मचा. कधी टूल चेंज होताना येतो, कधी चांगलं कटिंग चालू असताना येतो. रिसेट मारला की जातो आणि मशीन पुन्हा चालू लागतं, जणू काही झालंच नाही. कटिंगमध्ये आला की स्पिंडल थांबतो, कटर जॉबमध्ये अडकतो आणि इन्सर्ट जातात.

स्पिंडल हेडच्या वर, बूस्टरच्या (टूल सोडवायला दाब वाढवणारा भाग) बाजूला दोन सेन्सर आहेत, एक क्लॅम्पचा आणि एक अनक्लॅम्पचा. क्लॅम्पचा सेन्सर नवा टाकून झालाय. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आता एकाने सांगितलंय की क्लॅम्पचा सिग्नल पॅनलमध्येच 24 व्होल्टला जोडून टाका, कटकट मिटेल. मला ते पटत नाही. नीट शोध कसा घ्यायचा ते सांगा.

रात्रपाळी_इलेक्ट्रिशियन

जम्परचा विचार आधी डोक्यातून काढा. टूल टेपरमध्ये घट्ट बसलंय की नाही हे कंट्रोलला कळायचा तो एकच मार्ग आहे. सिग्नल कायमचा चालू ठेवलात, तर टूल अर्धवट पकडलेलं असतानाही स्पिंडल फिरेल. फेस मिलसारखं जड टूल हजारो आरपीएमला सुटलं तर काचेचा दरवाजा त्याला अडवेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आणि मशीन जुनं आहे, तर आधीच्या मालकाने असा जम्पर कुठे मारून ठेवलाय का तेही पाहा. टर्मिनलवर नंबर नसलेली, वेगळ्या रंगाची वायर दिसली की ड्रॉइंगशी ताडून बघा. दाराचा स्विच तर हमखास तपासा.

आता मुद्द्यावर. अलार्मचा पूर्ण नंबर लिहा. फानुकवर 1000 ते 1999 मधले मेसेज हे मशीन बनवणाऱ्याने लॅडरमध्ये (मशीनच्या लॉजिकचा प्रोग्रॅम) लिहिलेले अलार्म असतात, 2000 ते 2999 हे ऑपरेटरसाठीच्या सूचना. म्हणजे तुमचा अलार्म 1000 च्या घरातला असेल, तर त्याचा अर्थ फानुकच्या पुस्तकात मिळणार नाही, तो मशीनच्या इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमध्ये आणि लॅडरमध्ये आहे. पीएमसीच्या (कंट्रोलमधला लॅडर चालवणारा भाग) स्क्रीनवर जाऊन त्या मेसेजचा ए पत्ता शोधा आणि त्या पत्त्याची कॉइल लॅडरच्या कोणत्या ओळीत चालू होते ते बघा. त्या ओळीत किती फांद्या आहेत ते मला सांगा. बरेचदा एकाच मेसेजला दोन-तीन वाटा असतात आणि इथेच लोकांचा घोळ होतो.

या सगळ्याच्या आधी पॅरामीटर, लॅडर, मॅक्रो, टूल ऑफसेट यांचा बॅकअप काढून घ्या. जुन्या मशीनवर हात घालण्याआधीचं ते पहिलं काम. आणि ॲब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी बदलायची वेळ आली असेल तर कंट्रोल चालू ठेवूनच बदला, नाहीतर अक्षांचे झीरो जातील आणि नवीनच काम मागे लागेल.

जुना_फिटर

इलेक्ट्रिशियन साहेबांचं बरोबर आहे, पण सेन्सर बिचारा समोर जे येतं तेवढंच सांगतो. ड्रॉबार (टूल वर ओढून धरणारा स्पिंडलमधला दांडा) पूर्ण वर गेलाच नाही तर नवा सेन्सरही तेच बोलणार.

माझे प्रश्न असे:

बूस्टर हवेवर तेल दाबणारा आहे का? असेल तर त्याच्या काचेत तेल दिसतं का? एअर गेज टूल चेंजच्या क्षणाला बघा, मशीन नुसतं उभं असताना नव्हे. उभं असताना 6 बार दाखवणारा गेज आर्म फिरताना, टेपर ब्लो (टेपर साफ करणारी हवा) चालू असताना आणि बूस्टर भरताना किती खाली येतो ते महत्त्वाचं. फिल्टरचा एलिमेंट चोंदलेला असेल तर नेमका त्याच वेळी दाब पडतो.

टूल काढल्यावर होल्डरच्या टेपरवर तांबूस डाग दिसतात का? तसे डाग म्हणजे कटिंगमध्ये टेपर सूक्ष्म हलतोय. ड्रॉबारला वर ओढणाऱ्या डिस्क स्प्रिंग तुटल्या किंवा दमल्या की पकड कमी होते, मग असं होतं. ड्रॉबार फोर्स गेज कुणाकडे मिळाला तर माप घ्या आणि मशीनच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. स्प्रिंगचा गठ्ठा स्वतःहून उघडू नका. तो प्रचंड दाबाखाली असतो, फिक्श्चरशिवाय खोलणं जिवावर बेतू शकतं.

प्रोग्रामर_ताई

एक गोष्ट विचारायची राहिली असं वाटतं. टूल चेंजमधला अलार्म ठरावीक टूललाच येतो का? जुन्या मशीनबरोबर होल्डरही इकडून-तिकडून गोळा केलेले येतात. बीटी 40 ला पुल स्टड (होल्डरच्या टोकाचा भाग, जो ड्रॉबारची बोटं पकडतात) 45 अंशांचे मिळतात आणि 60 अंशांचेही. दिसायला जवळजवळ सारखे, पण बोटं ज्या कोनावर पकडतात तो कोन वेगळा. चुकीचा स्टड लागला की ड्रॉबार थोडा वर-खाली थांबतो, आणि क्लॅम्पचा सेन्सर काठावर सेट केलेला असेल तर तेवढ्याने सिग्नल जातो. स्टड सैल झाला असेल तरीही तेच.

आमच्याकडे मी प्रत्येक होल्डरवर नंबर टाकून घेते आणि अलार्म आला की पॅनलजवळच्या वहीत टूल नंबर, झेडची (उभ्या अक्षाची) पोझिशन आणि त्या वेळी काय चालू होतं एवढं लिहायला लावते. ऑपरेटर आधी कुरकुरतात, पण आठवडाभरात वहीच उत्तर सांगते.

मिलिंगवाला

सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे वही सुरू केली आणि त्यातून जे दिसलं ते इथे मांडतो.

कटिंगमधले अलार्म: टूल कोणतंही असो, जवळजवळ सगळे झेड खाली असताना आलेत, म्हणजे खोल पॉकेट किंवा व्हाइसच्या तोंडाजवळचं काम. वर फेसिंग करताना एकही नाही.

टूल चेंजमधले अलार्म: हे सकाळी मशीन सुरू केल्यावर जास्त. पहिल्या काही टूल चेंजमध्ये येतात, मग मशीन तापलं की कमी होतात. ठरावीक टूल असं नाही, पण जड फेस मिलला थोडे जास्त.

अलार्म 1000 च्या घरातलाच आहे. लॅडरमध्ये त्याच्या ओळीला दोन फांद्या आहेत. एका फांदीत स्पिंडल फिरत असण्याची अट आणि क्लॅम्पच्या इनपुटचा बंद कॉन्टॅक्ट (इनपुट नसेल तेव्हा जुळणारा). दुसऱ्या फांदीत अनक्लॅम्पचा आदेश, एक टायमर आणि अनक्लॅम्पच्या इनपुटचा बंद कॉन्टॅक्ट.

टेपरवर तांबूस डाग नाहीत. पुल स्टड बघितले, सगळे 45 अंशांचेच आहेत आणि घट्ट आहेत.

रात्रपाळी_इलेक्ट्रिशियन

वा, आता चित्र स्पष्ट झालं. तुमच्याकडे नंबर एक आहे, पण बिघाड दोन आहेत, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणूनच सेन्सर बदलून काही साधलं नाही.

पहिली फांदी म्हणजे स्पिंडल फिरताना क्लॅम्पचा सिग्नल क्षणभर गेला. दुसरी फांदी म्हणजे अनक्लॅम्पचा आदेश दिला, पण ठरलेल्या वेळात अनक्लॅम्पचा सेन्सर लागला नाही. दुसऱ्या फांदीचा क्लॅम्पच्या सेन्सरशी तसा संबंधच नाही. मशीन बनवणाऱ्याने दोन्हींना एकच मेसेज दिलाय, एवढंच.

पहिल्याचं आधी घेऊ. अलार्म झेड खाली असतानाच येतो, म्हणजे हेडबरोबर खाली-वर होणारी केबल माझ्या मते संशयित नंबर एक. केबल चेनमध्ये एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र धडधाकट दिसतं. तुटलेली टोकं एका पोझिशनला टेकलेली असतात, दुसऱ्या पोझिशनला सुटतात.

तपासायचं असं. पीएमसीमध्ये सिग्नल ट्रेस असतो, त्यात क्लॅम्पचा एक्स (इनपुटचा) पत्ता टाका आणि ट्रेस चालू ठेवून मशीन चालवा. डोळ्याला न दिसणारा क्षणभराचा खड्डाही त्यात दिसेल. मग स्पिंडल बंद ठेवून जॉगने झेड हळूहळू खाली-वर न्या. एकाने सेन्सरवरच्या दिव्याकडे सुरक्षित अंतरावरून लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने स्क्रीनवरच्या इनपुटकडे. सेन्सरचा दिवा चालू आणि इनपुट मात्र गेलं, तर दोष सेन्सर आणि इनपुट यांच्या मधे आहे: कनेक्टर, केबल किंवा टर्मिनल. इनपुटबरोबर दिवाही गेला, तर सेन्सरला मिळणारा 24 व्होल्ट जातोय किंवा समोरचा तुकडाच हलतोय.

तीन वायरच्या सेन्सरला तपकिरी म्हणजे प्लस, निळी म्हणजे शून्य, काळी म्हणजे आउटपुट. पीएनपी (आउटपुटवर प्लस देणारा) असेल तर सेन्सर लागल्यावर काळीवर 24 च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. नवा सेन्सर घेताना पीएनपी का एनपीएन (आउटपुटवर शून्य देणारा), नॉर्मली ओपन का क्लोज, आणि सेन्सिंगचं अंतर, हे तिन्ही जुन्याशी जुळलेत ना तेही बघून घ्या.

एक ताकीद: केबलचं इन्सुलेशन बघायला मेगर लावणार असाल तर दोन्ही टोकं सोडवूनच लावा. मेगरचे 500 व्होल्ट सेन्सर आणि इनपुट कार्ड दोन्ही घेऊन जातील.

मिलिंगवाला

केलं. अगदी तसंच निघालं. झेड खाली आणताना एका ठरावीक जागेजवळ इनपुट लुकलुकतं आणि सेन्सरचा दिवा मात्र ठाम चालू राहतो. त्या जागेवर झेड थांबवला, इमर्जन्सी दाबली, हेडखाली लाकडी ठोकळा दिला आणि चेनमधली केबल हाताने हलवली, तरी स्क्रीनवर इनपुट येत-जात होतं. चेनचं वळण जिथे येतं तिथे आवरण कडक झालंय, बोटाने दाबलं तर लवत नाही. कनेक्टर उघडला तर आत कुलंटचा चिकट थर आणि एका पिनेवर हिरवट गंज.

रात्रपाळी_इलेक्ट्रिशियन

ठोकळा दिलात ते फार चांगलं केलंत. उभ्या अक्षाच्या मोटरचा ब्रेक जुना झाला की हेड घसरू शकतं, आणि त्याखाली हात असू नये.

खात्री करायला एक सोपा उपाय. त्या केबलमध्ये न वापरलेली कोअर (आतली वायर) शिल्लक असते बरेचदा. दोन्ही टोकांना क्लॅम्पचा सिग्नल त्या कोअरवर घ्या आणि पुन्हा झेड फिरवा. इनपुट ठाम राहिलं तर निदान पक्कं. पण हा फक्त तपास आहे, दुरुस्ती नव्हे. एक कोअर तुटली म्हणजे शेजारच्याही त्याच वाटेवर आहेत. केबल बदलावीच लागेल.

नवी केबल घेताना चेनमध्ये सतत वाकण्यासाठी बनवलेलीच घ्या, बारीक तारांची, पीयूआर (पॉलियुरेथेन) आवरणाची. साधं पीव्हीसी कुलंट आणि तेलाने कडक होतं, तुमच्याकडे झालं तेच. वाकण्याची त्रिज्या केबलच्या बाहेरच्या व्यासाच्या साधारण 7.5 ते 10 पट लागते, नेमका आकडा केबलच्या माहितीपत्रकात असतो. चेनच्या आत केबलला टाय मारू नका. ती आत मोकळी हवी, पकड फक्त चेनच्या दोन टोकांना. सेन्सरजवळ केबलला खाली एक लोंबता वळसा द्या, म्हणजे कुलंट केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये शिरण्याऐवजी वळशाच्या तळाशी गळून पडेल. कनेक्टरची रबर रिंग जागेवर आहे ना बघा. ती नसेल तर आयपी 67 (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेल्या कनेक्टरला काही अर्थ नाही.

जुना_फिटर

आता दुसरा बिघाड माझ्या वाट्याचा. सकाळी जास्त, तापल्यावर कमी, जड टूलला थोडा अधिक. अनक्लॅम्प वेळेत पूर्ण होत नाहीये. बूस्टरचं काय झालं? काचेत तेल दिसतं का?

मिलिंगवाला

काचेच्या खालच्या खुणेच्याही खाली आहे. बूस्टरच्या खालच्या बाजूला तेलकट ओल दिसते. टूल चेंजच्या वेळी एअर गेज पाहिला, दाब थोडा पडतो पण लगेच सावरतो.

जुना_फिटर

मग हवा ठीक आहे, तेलाची वाट लागलीये. असं बघा: हवेचा मोठा पिस्टन छोट्या तेलाच्या पिस्टनला दाबतो, त्यातून दाब वाढतो आणि ड्रॉबार स्प्रिंगच्या विरुद्ध खाली ढकलला जातो. तेल कमी झालं की आत हवा शिरते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. त्यामुळे पिस्टनचा काही स्ट्रोक नुसती हवा दाबण्यात जातो आणि ड्रॉबार जिथपर्यंत जायला हवा तिथपर्यंत जात नाही किंवा उशिरा जातो. रात्रभर उभं राहिलं की थोडं तेल गळून खाली येतं, हवा वर साठते, म्हणून सकाळी जास्त त्रास. चार-सहा वेळा टूल चेंज झालं की तेल फिरतं, मग बरं वाटतं.

करायचं काय: बूस्टरचं तेल मशीनच्या पुस्तकात जे दिलंय तेच भरा. हातात आलं ते तेल नको, सीलना चालेलच असं नाही. भरल्यावर ब्लीड स्क्रूने हवा काढा. अनक्लॅम्पचं बटण दाबून-सोडून, स्क्रू थोडा सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत. तोंड जवळ नेऊ नका, चष्मा लावा. मग डायल लावून माप घ्या. होल्डर स्पिंडलमध्ये असताना त्याच्या तोंडाला खालून डायल टेकवा, होल्डर खाली पडू नये म्हणून आधार ठेवा आणि अनक्लॅम्प करा. टूल टेपरमधून किंचित खाली ढकललं जायला हवं. किती, ते पुस्तकात दिलेलं असतं. माप कमी आलं तर स्ट्रोक कमी पडतोय, आणि अशा वेळी टूल टेपरला चिकटून राहतं, आर्मला झटका बसतो. जड टूलला अलार्म जास्त येण्याचं कारणही इथेच असावं.

ओल दिसते म्हणजे सील गेलीये. तेल भरून काही दिवस निघतील, पण सील किट मागवून ठेवा.

सेन्सरचं सेटिंग सगळ्यात शेवटी करा, ड्रॉबारचं माप बरोबर आल्यावर. आधीच सेन्सर सरकवून सिग्नल मिळवलात तर स्ट्रोक अपुरा असतानाही कंट्रोलला 'सुटलं' असं सांगितलं जाईल आणि आर्म टूल ओढायला जाईल. आर्म वाकला की मोठं काम निघतं.

रात्रपाळी_इलेक्ट्रिशियन

सेन्सरचं अंतर ठेवताना छापलेल्या आकड्याच्या काठावर ठेवू नका. एम 12 चा सपाट बसणारा सेन्सर साधारण 2 मिलिमीटरचा असतो, पण तापमान आणि व्होल्टचा फरक धरून खात्रीचं अंतर त्याच्या 81 टक्के मानतात. शिवाय तो आकडा साध्या स्टीलसाठी असतो. समोरचा तुकडा ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा असेल तर साधारण सेन्सरचं अंतर निम्म्याहूनही कमी होतं. आधी कुणी तिथला तुकडा बदललाय का ते चुंबक लावून बघा. 2 मिलिमीटरच्या सेन्सरला 1 मिलिमीटरच्या आसपास फीलरने अंतर ठेवा आणि लॉकनट दोन्ही बाजूंनी आवळा. जास्त जोर लावू नका, पातळ आट्या जातात.

स्लाइडवे

धाग्यात मधेच घुसतोय, माफ करा. आमच्या जुन्या मशीनवर एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे अलार्म येतात: लुब्रिकेशन, एअर प्रेशर, मॅगझिन. तेही केबलचंच असेल का?

रात्रपाळी_इलेक्ट्रिशियन

एकमेकांशी संबंध नसलेले अलार्म एकाच क्षणी आले तर आधी 24 व्होल्टचा सप्लाय बघा. मल्टीमीटरला किमान-कमाल धरून ठेवण्याची सोय असेल तर ती लावून ठेवा. एखाद्या सॉलेनॉइड व्हॉल्व्हची वायर पत्र्याला घासून शॉर्ट होत असेल, तर तो व्हॉल्व्ह चालू झाला की सगळ्यांचा सप्लाय खाली बसतो. कोणता वाय आउटपुट चालू झाल्यावर अलार्म येतात हे ट्रेसमध्ये दिसेल. पॅनलमध्ये हात घालताना मेन बंद करून ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझेपर्यंत आणि लेबलवर लिहिलेला वेळ होईपर्यंत थांबा. बाकीचं नवीन धागा काढून लिहा, इथे दोन्ही विषयांची सरमिसळ होईल.

मिलिंगवाला

अपडेट देतो. चेनची केबल बदलली, कनेक्टर नवा टाकला. ट्रेस लावून झेडच्या पूर्ण स्ट्रोकमध्ये प्रोग्रॅम चालवला, क्लॅम्पचा सिग्नल सरळ रेषेत आहे. तेव्हापासून कटिंगमध्ये अलार्म आलेला नाही.

बूस्टरला तेल भरलं, हवा काढली. सुरुवातीला बराच फेस निघाला, मग स्वच्छ तेल. आधी डायलवर टूल पुस्तकातल्या मापापेक्षा कमी ढकललं जात होतं, आता मापात आहे. सकाळच्या टूल चेंजमध्येही अलार्म थांबला. सील किट मागवलंय. ड्रॉबार फोर्स गेज एका ओळखीच्या कारखान्यातून आणून माप घेतलं, पकड पुस्तकातल्या मर्यादेत आहे, त्यामुळे स्प्रिंगला हात लावलेला नाही.

प्रोग्रामर_ताई

छान झालं. सील बदलेपर्यंत काचेतली तेलाची पातळी रोज सकाळी वहीत लिहायला सांगा. किती गळतंय ते कळत राहील.

स्लाइडवे

मिलिंगवाला, सील येईपर्यंत अनक्लॅम्पच्या टायमरची वेळ वाढवून ठेवली तर अलार्म येणारच नाही ना? आमच्याकडे असंच करतात.

रात्रपाळी_इलेक्ट्रिशियन

नको. तेल कमी होत चाललंय हे तो टायमरच तुम्हाला सांगतोय. वेळ वाढवलीत तर अलार्म येईपर्यंत स्ट्रोक आणखी घटलेला असेल, आणि मधल्या काळात प्रत्येक टूल चेंजला आर्म अर्धवट सुटलेलं टूल ओढत राहील. तुमच्याकडे वाढवली असेल तर बॅकअपमधली किंवा मशीनच्या पुस्तकातली मूळ किंमत शोधा, ती परत टाका आणि मग अलार्म येतो का ते पाहा. आला तर बूस्टरची काच बघा.